पातं वर, दोरी सैल

आमच्या वर्गातल्या मुली हल्ली मला 'तांडेल' म्हणतात, होडीवरच्या म्होरक्याला म्हणतात तसं. चिडवायलाच म्हणतात, पण मला चिडायला येतच नाही. उलट मी वळून झोकात "काय गं?" म्हणून ओ देते. मग त्यांचीच पंचाईत होते.

हे नाव मला ज्या शनिवारमुळे मिळालं, त्याची ही गोष्ट. त्यात माझी बढाई थोडी आहे, ती सोसून घ्या. कारण त्या दिवशी ज्या माणसांनी माझं ऐकलं, त्यांचे उपकार सांगायचे तर मधे मधे मी येणारच.

आमचं मूळ घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. आई-बाबा तिथेच शेती करतात. मी महाडला मैनाकाकीजवळ राहून शिकते. खरं म्हणजे काकी माझ्यासाठीच महाडला आली. वाडीत चौथीच्या पुढे शाळा नाही, आणि पोरीला एकटी शहरात ठेवायची कशी, असं सगळे म्हणत होते. तेव्हा काकी उठून म्हणाली, "मी जाते तिच्यासंगं. माझा तरी कोण अडलाय हितं?" बंदराजवळ एक खोली घेतली, व्यापाऱ्यांचं भात कांडायचं काम धरलं, आणि मला शाळेत घातलं. आता मी सातवीत आहे. काकीला मूलबाळ नाही, आणि नवरा मुंबईत. वर्षातून एकदा शिमग्याला यायचा, पालखी नाचली की परत जायचा.

तो नवरा म्हणजे माझा कुशाकाका. मुंबईत एका म्हाताऱ्या पारशी शेठच्या शिडाच्या होडीवर खलाशी. होडीचं नाव गुलबाई, शेठच्या आईचं. काका सुट्टीवर आला की काकीच्या वाट्याला दोन शब्द आणि गुलबाईच्या वाट्याला दोनशे. काकी भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "सवतीचा कौतुक सवतीच्या तोंडावर करू नये, येवढा तरी कळतो का?"

यंदा पौषात काका शिमग्याची वाट न पाहता आला. आणि आला तो एकटा नाही, गुलबाईला घेऊन! मुंबईहून समुद्राने बाणकोट, तिथून सावित्रीच्या खाडीने भरतीबरोबर दासगाव आणि दासगावाहून महाड. मी शाळेतून धावत बंदरावर गेले. पांढरी, निमुळती, तिच्यापुढे आमच्या तांदूळ वाहणाऱ्या होड्या, पडाव, म्हणजे म्हशीच.

"शेठचे गुडघे गेले," काकाने त्या रात्री जेवताना सांगितलं. "पोरांना मोटारीचा नाद. होडी तिकडं किनाऱ्यावर सुकून फुटणार. मी बोललो, शेठ, मला द्या. आमच्या खाडीत दासगाव-महाड माणसं नेईन. मोठे पडाव भरतीसाठी बसून राहतात, हिला गुडघाभर पाणी बस्स हाय."

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, ती चिखलाची खाडी. तिथं ओहोटीला माझी गुलबाई कशी बसते ते मी डोळ्यांनी बघणार. बरी बसली तर तुझी. तिला ओरखडा जरी आला, तर परत मुंबई, तू पण आणि ती पण. शेठ महाबळेश्वरला हवा खायला आलेत. शनिवारी मोटारीने आंबेनळी घाट उतरून येणार."

काकीने काकाच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. त्याची आधीची अजून संपली नव्हती.

मला त्या क्षणी सगळं कळलं. होडी बरी बसली तर काका कायमचा घरी. नाही तर पुन्हा शिमगा ते शिमगा.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर काकाने मला गुलबाईची सगळी रीत दाखवली. तिच्या पोटात एक लाकडी खोका आहे आणि त्या खोक्यातून खाली पाण्यात एक जाड लोखंडी पातं उतरतं. शिडात वारा भरला की ते पातं होडीला कलंडू देत नाही. उथळ पाण्यात आलं की कप्पीच्या दोरीने ते वर ओढून घ्यायचं, म्हणजे होडीचं पोट सपाट होतं आणि ती चिखलावर बदकासारखी बसते.

"पातं खाली राहिलं नि पाणी गेलं, तर?" काकाने परीक्षा घेतली.

"तर होडी पात्यावर उभी राहणार आणि आडवी पडणार."

"शाब्बास. आता नांगर. किती दोरी सोडणार?"

मी पाण्याकडे पाहिलं. ओहोटी होती, पाणी माझ्या पोटरीपर्यंत. "थोडीशीच लागेल."

"आत्ताचा पाणी नाय बघायचा, तुळसे! भरतीला हितं पुरुषभर पाणी येतं. त्या पाण्याचा हिशेब, नि त्याच्या पाचपट दोरी. लांब दोरी असली म्हणजे नांगर आडवा ओढला जातो नि रुततो. आखूड असली तर वर उचलला जातो नि सुटतो." मग त्याने एक नांगर नदीच्या वरच्या अंगाला आणि एक खालच्या, समुद्राकडच्या अंगाला टाकून दाखवला. कारण खाडीचं पाणी दोन्हीकडून वाहतं. एकाच नांगरावर होडी गरगर फिरते आणि काठाच्या खडकावर जाते.

मग आम्ही दोघं ओहोटीत उतरून होडीची जागा पायांनी चाचपत फिरलो. होडी जिथे बसणार तिथे एकही धोंडा नको. माझ्या पायाला लागेल तो धोंडा मी उपसायची आणि काठावर फेकायची. चिखल कोपरापर्यंत. काकी वरून ओरडत होती, "गो बाय, उद्या शाळा हाय तुला, का गवंड्याकडं कामाला जायचाय?"

"एवढं ध्यानात ठेव," काका शेवटी म्हणाला. "पातं वर, दोरी सैल, खाली धोंडा नाय. बाकी सगळा ती स्वतःच करते. आणि ही पांढरी शिडाची दोरी शेठनी विलायतेहून मागवलेली हाय. हिला हात लावायचा नाय."

शनिवारी पहाटे काका सर्व्हिस मोटारीने पोलादपूरला गेला, शेठना सामोरं जायला. मी पाण्याकडे एक चक्कर मारली. पाणी उतरत होतं, पातं वर होतं, गुलबाई चिखलावर सपाट बसायला लागली होती. मी तिला "नीट राहा हं" म्हटलं आणि शाळेत गेले. शनिवारची सकाळची शाळा. भूगोलात बाईंनी नद्या विचारल्या. सावित्री माझ्या वाट्याला आली आणि मी इतकी बोलले की बाईंनी हाताने "पुरे" म्हटलं.

आता शनिवारी आमच्या वाडीची माणसं बाजाराला महाडात उतरतात हे मी विसरले नव्हते, पण त्याचा होडीशी काय संबंध असेल असं मनातही आलं नाही. कुशाची होडी आली ही बातमी डोंगरात पोचायला काय वेळ? गोमाजी आजा आणि कोंडाजी तात्या, दोघेही आमच्या भावकीतले, नाचणीची ओझी टेकवायच्या आधी थेट बंदरावर आले. बघतात तर काय, कुशाची एवढी सुंदर होडी बिचारी चिखलात पडलेली, जवळ कोणी नाही, आणि दोन लोखंडी नांगर उघड्यावर!

ते आमचेच लोक. माया केल्याशिवाय राहवेल का त्यांना?

मी शाळेतून परत आले तेव्हा दोघे करंजाच्या झाडाखाली बसून तंबाखू मळत होते. चेहरे असे, जणू लेकीचं लग्न पार पाडलं.

"ये गो पोरी," आजा म्हणाला. "कुशाला सांग, तुझी होडी आम्ही राखली."

मी होडीकडे पाहिलं आणि दप्तर तिथेच टाकलं.

डोंगराच्या उतारावर बैलगाडी उभी केली की चाकाला दगडाची उटी लावतात, गाडी सरकू नये म्हणून. यांनी गुलबाईला उटी लावली होती. दोन्ही बाजूंनी, पोटाखाली घट्ट सारून, मोठाले धोंडे. आणि धोंडे कुठले? शुक्रवारी मी नखं मोडून उपसलेले तेच, काठावर आयते रचलेले! नांगर चोरीला जाऊ नयेत म्हणून दोन्ही गोळा करून, धुऊन, होडीत नीट ठेवले होते. आणि होडी पळू नये म्हणून तिला करंजाच्या खालच्या मुळाला बांधली होती. आखूड. बैलाला बांधतात तशी. लांब दाव्यात जनावर पाय गुंतवून घेतं ना!

बांधायला घेतली ती दोरी पांढरी, विलायतेची. सगळ्यांत चांगली दिसली म्हणून.

आणि भरती येत होती. पाणी होडीच्या अर्ध्या अंगापर्यंत आलं होतं. मागचा भाग तरंगायला लागला होता, पण पुढचं नाक त्या आखूड दोरीने मुळाला जखडलेलं. पाणी वर चढत होतं आणि नाक खाली राहत होतं. होडीचा पुढचा काठ आणि पाणी यांत जेमतेम वीतभर अंतर.

"आजा, दोरी सोडा! ती बुडेल!"

"बुडल कशी? बांधली हाय ना."

"बांधली म्हणूनच बुडेल! पाणी तिला वर उचलतंय नि तुमची दोरी तिला खाली धरून बसलीय!"

कोंडाजी तात्या उठून दोरीशी गेला. त्याने गाठीला हात घातला, दात लावले. ती गाठ ओली होऊन दगड झाली होती. "माझी गाठ हाय," तो थोडा अभिमानाने आणि थोडा घाबरून म्हणाला. "बैलाला सुटत नाय."

"कोयता आण!" आजा ओरडला. "तोड!"

तात्याने कमरेचा कोयता काढलासुद्धा. आणि तिथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नांगर दोन्ही होडीत. दोरी तोडली की होडीला धरणारं काहीच नाही. भरतीचं पाणी तिला वर घेऊन जाणार, आणि वरच्या अंगाला लगेच खडक.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की बंदरावरचे हमाल वळून बघायला लागले. मी गोमाजी आज्यासमोर आजवर मान वर करून बोलले नव्हते. वाडीत त्याच्यासमोर माझे बाबासुद्धा बिडी विझवतात. "आधी नांगर! नांगर पाण्यात गेल्याशिवाय कुणी कोयता उचलायचा नाही!"

मला वाटलं, आता शिवी बसणार. पण आजा धोतराचा काचा मारायला लागला.

"कोंडाजी, ऐकलास ना? पोरगी बोलते तसा कर. आपण केलाय तो घोळ हाय."

मी परकर खोचून होडीत चढले. एक नांगर तात्याच्या खांद्यावर दिला. तात्याला पोहता येत नाही, हे मला नंतर कळलं. तो छातीभर पाण्यात, नांगर खांद्यावर, तोंड वर करून देवाचं नाव घेत खालच्या अंगाला, खाडीच्या मधल्या बाजूला चालत गेला. मी दोरी सोडत राहिले. सोडत राहिले, सोडत राहिले.

"किती सोडतेस गो? रत्नागिरीला जायचाय काय?" पाणी त्याच्या गळ्याशी आलं होतं तरी थट्टा सुटली नव्हती.

"पाचपट, तात्या! टाका आता!"

नांगर पडला. दोरी मी पुढच्या खुंटीला गुंडाळली आणि ओढून पाहिली. पहिल्यांदा सरकली, मग खाली काहीतरी धरल्यासारखं झालं आणि दोरी ताठ झाली. रुतला!

इकडे पुढच्या काठावरून पहिली पाण्याची चूळ आत आली.

"कोयता, आजा!"

आज्याने कोयता माझ्या हातात दिला. दोरी पांढरीशुभ्र, ताणलेली, सतारीच्या तारेसारखी. हिला हात लावायचा नाय. मी एकच घाव घातला.

गुलबाईचं नाक जे उसळलं! मी मागे पडले, आजा पाण्यात बसला, आणि होडी एक झोका घेऊन नांगराच्या दोरीवर जाऊन थांबली. तरंगत. अगदी हळू डोलत. काठावर काकी कांडायचं मुसळ हातात घेऊनच धावत आली होती. ती मुसळ टेकवून उभी राहिली आणि रडायला लागली.

"काकी, रडायला वेळ नाही! ओहोटीच्या आत हिला त्या धोंड्यांवरून हलवायची आहे!"

कारण धोंडे तिथेच होते, आता गढूळ पाण्याखाली, दिसत नव्हते. पाणी उतरलं की होडी त्यांच्यावरच बसली असती. मग मी आणि काकीने नांगराची दोरी हात हात करून ओढली, आणि होडी नांगराकडे सरकत मधल्या बाजूला गेली. तिथे आज्याने दुसरा नांगर वरच्या अंगाला नेऊन टाकला. भरती थांबून पाणी छातीपर्यंत उतरलं, तेव्हा आजा आणि तात्या नव्या जागेवर पायांनी तळ चाचपत फिरले. काकीने तर बुडी मारून एक गोटा वर काढला. मला माहीतच नव्हतं काकीला बुडी मारता येते! तिचं माहेर खाडीकाठचं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

बाजार कुणाचाच झाला नाही. नाचणीची ओझी तशीच करंजाखाली पडून होती.

ऊन कललं तेव्हा पाणी उतरलं. मी पात्याची दोरी पुन्हा पुन्हा तपासली. गुलबाई खाली खाली आली, एकदा डावीकडे कुरकुरली आणि सपाट बसली. बदकासारखी! आणि तिच्या एका बाजूला, जिथे ती आधी होती तिथे, दोन ओळींत उभे धोंडे चिखलातून वर आले. त्यांच्याकडे बघून आज्याने आपल्या कानाच्या पाळ्या धरल्या.

तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला.

शेठ काठी टेकत आले. मागे काका. काकाने आधी होडी पाहिली आणि त्याचा चेहरा फुलला. मग करंजाच्या मुळाला लोंबणारा पांढऱ्या दोरीचा तुकडा पाहिला, आणि चेहरा पडला.

"ही दोरी कोणी कापली?" शेठनी विचारलं.

काका पुढे व्हायला लागला. मी त्याच्याही पुढे झाले. "मी कापली, शेठजी."

"का?"

"होडी बुडत होती म्हणून. पण नांगर टाकल्यावर कापली. आधी नाही."

"आणि हे दगड?"

आज्याचं नाव घ्यायला माझी जीभ वळेना. पण गोमाजी आजा चिखलाने माखलेला पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "शेठ, उटी आम्ही लावली. डोंगरातली माणसं आम्ही. गाडीला लावतो तशी लावली. कुशाचा काय दोष नाय, नि पोरीचा तर नायच नाय. आम्हाला काय दंड बोलायचा तो बोला."

शेठनी काठीने एक धोंडा टोचून पाहिला. मग हसायला लागले. इतके हसले की काठी हलायला लागली. "मुंबईत माझी आई पहिल्यांदा बोटीत बसली," ते म्हणाले, "तेव्हा तिने पण घाबरून बोट दोरीने बांधून ठेवायला सांगितली होती. बोट चालू होती!"

मग हसू आवरून ते चिखलात उतरले. काकाने हात दिला. त्यांनी गुलबाईच्या पोटावर सगळीकडून हात फिरवला, पात्याचा खोका वाकून बघितला, नांगराची दोरी बोटाने उचलून पाहिली.

"सैल आहे," ते म्हणाले. "ठीक आहे. कुशाबा, ही इथेच राहू दे. तिला माणसं मिळाली." जाताना त्यांनी तो पांढऱ्या दोरीचा तुकडा मुळावरून सोडवून मागितला. गाठ कुणालाच सुटली नाही. शेवटी तात्याने ती गाठीसकट कोयत्याने कापून दिली आणि शेठनी ती तशीच खिशात घातली.

आता काका रोज दासगावला जातो आणि संध्याकाळी घरी जेवतो. बोलतो अजून गुलबाईबद्दलच, पण काकी म्हणते, "सवत दारात नांदते हाय, तोंडासमोर ठेवलेली बरी." गोमाजी आजा दर शनिवारी होडी बघायला येतो, पण दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो. चुकून लागायला नकोत म्हणून. मी त्याला म्हटलं, "आजा, तुम्ही त्या दिवशी माझं ऐकलं नसतं तर?" तर म्हणाला, "तू ओरडलीसच अशी. डोंगरावरचा वाघ पण बसला असता." मी त्याच्या पाया पडले. त्याने पाठीत धपाटा घातला आणि नाचणीच्या लाडवांची पुरचुंडी दिली.

कोंडाजी तात्या पोहायला शिकतोय. काकी शिकवते.

आणि रोज ओहोटीला काकी चिखलात उतरून होडीच्या जागेवरचे वाहून आलेले धोंडे वेचते. कुणी सांगितलेलं नाही. काल मी विचारलं, "काकी, मी करते ना, तू दमली असशील."

"तू अभ्यास कर," ती वाकल्या वाकल्या म्हणाली. "येवढा अंगण तरी माझा मला झाडू दे."